बेद्रिख हानाकचा दम

बेद्रिख हानाक मोराव्हियातल्या ओलोमोउत्स शहराच्या वाद्यवृंदात पहिला हॉर्न, म्हणजे फुंकून वाजवायचं पितळी वाद्य, वाजवायचा. छातीच्या दुखण्यात त्याचं एक फुफ्फुस अर्धं कापावं लागलं. डोंगरातल्या आरोग्यधामात हिवाळा काढून तो परतला, तेव्हा आता हा माणूस हॉर्न कसला वाजवतोय, असंच सगळ्यांना वाटलं होतं. पण संचालक स्मेयकालसाहेबांनी त्याची खुर्ची कुणाला देऊ केली नव्हती.

त्याच वर्षी वाद्यवृंदाला पहिल्यांदा ध्वनिमुद्रिका करायची संधी मिळाली. मोराव्हियातल्याच एका जुन्या संगीतकाराची सिंफनी ठरली. तिचा दुसरा भाग ई-फ्लॅट मेजर या पट्टीत, आणि त्याची सुरुवात एकट्या हॉर्नची. साहेब हा भाग इतका विलंबित घ्यायचे, की दोन सुरांच्या मध्ये एक बिअर पिऊन येता येईल, असं शेजारी बसून दुसरा हॉर्न वाजवणारा अलोइस कोप्रिवा म्हणायचा.

तालमीत बेद्रिखचा दम शेवटच्या सुराआधीच संपला. कोप्रिवाने न सांगता तो सूर हळूच आपल्या हॉर्नवर उचलला. कुणाला कळलंही नाही. बेद्रिखला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रात्री जेवताना तो बायकोला म्हणाला, "द्राहा, तो तुकडा मी अलोइसलाच देऊन टाकतो."

"अलोइसने मागितलाय?"

"नाही."

"मग आधी साहेबांशी बोल. आजारपणात सगळं मुकाट्याने सोसलंस, आता तरी तोंड उघड." असं म्हणून तिने त्याच्या ताटात आणखी एक डंपलिंग वाढलं.

दुसऱ्या दिवशी त्याने साहेबांना सगळं सांगितलं. ऐकून घेतल्यावर साहेबांनी त्याला सभागृहाबाहेरच्या लांबलचक व्हरांड्यात नेलं आणि चालता चालता ती हॉर्नची ओळ गायला सांगितली. बेद्रिख अवघडला, पण गायला लागला. साहेब त्याच्या पावलाशी पाऊल जुळवून चालत राहिले. टोकाला पोचले तेव्हा ओळ संपली होती आणि बेद्रिखला धाप लागली नव्हती.

"हीच लय धरू," साहेब म्हणाले.

"माझ्या अर्ध्या फुफ्फुसासाठी सगळ्यांनी पळायचं? साहेब, ही ध्वनिमुद्रिका कायमची राहणार आहे."

साहेब खिडकीशी थांबले. वडील गेले त्या आठवड्यात त्यांनी हा भाग पहिल्यांदा बसवला होता. तेव्हापासून त्यांच्या हातून तो शोकासारखाच येत गेला. "लिहिणाऱ्याने वर लय म्हणून फक्त 'चालत' एवढंच लिहिलंय," ते म्हणाले. "मीच त्याला खांद्यावर घेऊन निघालो होतो. एकदा त्याला स्वतःच्या पायांनी चालू दे."

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी व्हायोलिनवाल्यांना आधी जमेना. हातांना जुनी सवय होती. मग हळूहळू ते सूर मोकळे झाले, रविवारी प्रार्थना आटोपून माणसं गप्पा मारत घरी निघावीत तसे. बेद्रिखची ओळ पूर्ण झाली. पण कुणाची तरी खुर्ची करकरली म्हणून तंत्रज्ञाने पुन्हा वाजवायला लावलं. दुसऱ्या खेपेला शेवटचा सूर जरासा थरथरला. तिसऱ्यांदा वाजवू का, असं बेद्रिखने विचारलं, तर साहेबांनी मानेनेच नको म्हटलं. तोच ठेवला गेला.

दुसरा भाग घाईत उरकलाय, असं एका वर्तमानपत्राने लिहिलं. कोप्रिवाने ते गुत्त्यात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाला, "बेद्रिख, तुझ्या फुफ्फुसाला घरी जायची फार घाई असते म्हणे." बेद्रिख डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला आणि त्या दिवशीची बिअर त्यानेच पाजली.

वसंतात द्राहाने आलुबुखाराचा केक केला आणि दोघं ध्वनिमुद्रिका घेऊन आरोग्यधामात गेले. तिथल्या हेडविका सिस्टरने बेद्रिखला लहान मुलासारखा श्वास घ्यायला शिकवलं होतं. जेवणघरातल्या ग्रामोफोनवर तिने ध्वनिमुद्रिका लावली. ब्लँकेटं पांघरून बसलेले रुग्ण सुरुवातीला खोकत होते. हॉर्नची ओळ सुरू झाली तसे ते नकळत तिच्याबरोबर श्वास घेऊ लागले. बेद्रिखने ते पाहिलं आणि द्राहाचा हात धरला.

भाग संपल्यावर सिस्टरचे आभार मानायला तो उठला. काय बोलायचं ते त्याने गाडीत ठरवून ठेवलं होतं, पण त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "सिस्टर, तो शेवटचा सूर जरा हलला."

"पण दम पुरला ना?" सिस्टर म्हणाली, आणि तिने सगळ्यांसाठी केक कापायला घेतला.