कांजी काढलेल्या पट्ट्या

गणपती गेले, दिवाळी गेली, तरी बाबांच्या टाचेची जखम भरेना. मधुमेहाचा पाय. मुंबईच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, भरली नाही तर पाऊल काढावं लागेल. आई रडली, आणि बाबांनी माझ्याकडे तंबाखू मागितली. असा आमचा बाप.

मग त्याच डॉक्टरांनी एका नव्या पट्टीचा प्रयोग सुचवला. प्लास्टिकसारखा पदार्थ विरघळवून विजेच्या जोरावर त्याचे डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक तंतू ओढायचे. औषध त्या तंतूंतच मुरवलेलं. त्यांचं जाळं जखमेवर ठेवलं की औषध हळूहळू उतरत राहतं. मी कॉमर्सचा पदवीधर, मान डोलावत राहिलो. हे कापड की औषध, तेच मला कळेना. बाबा तयार झाले. भिवंडीहून सारखं येणं त्या पायाला झेपणारं नव्हतं, म्हणून पट्ट्यांची पाकिटं घरीच दिली.

भिवंडीतल्या नारपोलीत आमचे कापडाचे लूम, त्यामुळे कापडाच्या बाबतीत घरात शेवटचा शब्द बाबांचा. त्यांनी एक पाकीट फोडलं, पट्टी उजेडासमोर धरली.

"ताना न्हाय, बाना न्हाय. कागद हाय का काय ह्यो?" मग बोटांत चोळून म्हणाले, "कडक लागतंय. कांजी हाय याला."

लूमवाल्यांच्या घरात कोरं कापड तसंच अंगाला लावत नाहीत. विणण्याआधी सुताला कांजी चढवलेली असते, ती गरम पाण्यात काढायची, मगच वापरायचं. आईने सगळी पाकिटं फोडली, पट्ट्या गरम पाण्यात खळखळून धुतल्या, स्वच्छ लुगड्यावर वाळवल्या आणि घड्या घालून ठेवल्या. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट आईच्या टापटिपीचं कौतुकच वाटलं.

पुढच्या खेपेला जखम होती तशीच होती. आईने मोठ्या हौसेने डॉक्टरांना पट्ट्या धुतल्याचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मावशी, औषध पाण्यात गेलं हो सगळं." जरा थांबून म्हणाले, "म्हणजे, असलं तर."

"असलं तर म्हणजे?" मी विचारलं.

काही पेशंटना औषधाची पट्टी देतात, काहींना बिनऔषधाची, फरक कळावा म्हणून. कोणाला कोणती, हे डॉक्टरांनाही प्रयोग संपेपर्यंत सांगत नाहीत. "हे मी तुम्हाला आधीच समजावलं होतं," ते म्हणाले. असेलही. तेव्हाही मी मान डोलावलीच असणार. आता धुतलेल्या पट्ट्यांमुळे बाबा प्रयोगातून बाद झाले होते, नव्या पट्ट्या मिळणार नव्हत्या. मला भयंकर राग आला, पण तो नेमका कोणावर काढायचा ते ठरेना.

होळीच्या आधी बाबांचं पाऊल गेलं. पट्ट्या धुतल्या नसत्या तरी हे झालं असतं, असं डॉक्टर म्हणाले. झालं नसतं, असंही त्यांना म्हणता आलं असतं.

तेव्हापासून आईचं एकच सुरू झालं. "व्हतं का रं त्यात औषध?" भाकरी थापताना, केर काढताना, देवापुढे दिवा लावताना. कांजी आहे असं मुळात कोण म्हणालं होतं, हे मात्र तिने एकदाही काढलं नाही. औषध असेल तर ते तिने मोरीत सोडलं. नसेल तर आम्ही महिनाभर जखमेला नुसती झाकणं लावत बसलो होतो. माझ्या बापाला रिकामी पट्टी मिळालेली असू दे, असं मी मनातून मागत होतो. पोटच्या पोराने असलं काही मागावं? माझं मलाच कळत नव्हतं.

एका दुपारी जेवताना बाबा म्हणाले, "डाक्टरचा फोन आलता. आपल्या पट्टीत औषध न्हवतं."

वाढता वाढता आईचा हात थांबला. "खरं?"

"मंग काय खोटं बोलतो?"

आई आत गेली आणि मोठ्याने रडली. ऑपरेशनच्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. मी बाबांकडे बघत राहिलो. घरचा फोन कित्येक दिवस बंद होता. मोबाइल एकच, तो माझ्या खिशात होता, आणि त्यावर डॉक्टरांचा फोन आलेला नव्हता.

"बाबा, फोन कधी..."

"भाकर खा," बाबा म्हणाले.

इस्पितळात जाऊन विचारणं काही अवघड नव्हतं. मी अजून विचारलेलं नाही.