माहेरचा व्हिसा

ज्या गावात माझा जन्म झाला, त्या गावात राहायला मला परवानगी लागते. ती मुदतीची असते, आणि मुदत संपत आली की पुन्हा मागावी लागते. याबद्दल सरकारला बोल लावण्यात अर्थ नाही. हे विकतचं दुखणं माझं मीच घेतलेलं आहे, तेही समारंभानं, टाळ्या वाजत असताना, हातात फुलांचा गुच्छ धरून.

माझा नवरा चितेगावच्या एका कारखान्यात इंजिनियर होता. कारखान्यानं त्याला दोन वर्षांसाठी जर्मनीला धाडलं आणि आम्ही तिथं तीस वर्षं काढली. त्यातली निम्मी वर्षं मी तिथल्या परदेशी लोकांच्या कचेरीत रांगेत उभी होते, असंच मला आता वाटतं. इथं का राहता, किती दिवस राहणार, खर्च कोण करतो, या प्रश्नांची उत्तरं मी झोपेतसुद्धा देऊ शकले असते. बाकीच्या वेळात मी नियम शिकत होते. काचेच्या बाटल्या रविवारी पेटीत टाकायच्या नाहीत, दुपारी आवाज करायचा नाही, जिन्यात चपला ठेवायच्या नाहीत. एकदा फोडणीचा वास येतो म्हणून खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दाराला चिठ्ठी चिकटवली. मी समेट म्हणून बेसनाचे लाडू नेऊन दिले. दुसऱ्या दिवशी लाडवांत नेमकं काय काय आहे, अशी विचारणा करणारी दुसरी चिठ्ठी आली.

शेवटी रांगांना कंटाळून मी त्या देशाचं नागरिकत्वच घेऊन टाकलं. भारताचा पासपोर्ट परत करताना मला अगदी सुटल्यासारखं झालं. आता या जन्मात कुणी आपल्याला ‘किती दिवस राहणार’ असं विचारणार नाही, असं मी नवऱ्याला सांगितल्याचं आठवतं. तो हसला होता. तो माझ्यापेक्षा हुशार होता, हे मला तेव्हा मान्य नव्हतं.

तो गेला, मुलगा तिकडेच बायकोमुलांत रमलेला, आणि मला अचानक संध्याकाळी कुणाशी तरी मराठीत भांडावंसं वाटायला लागलं. म्हणून मी औरंगाबादला थोरल्या भावाकडे आले. पासपोर्टावर माझं जन्मस्थळ औरंगाबाद आणि व्हिसाच्या अर्जावर राहण्याचा पत्ता छत्रपती संभाजीनगर. ही दोन्ही गावं एकच आहेत, एवढं तरी मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. आमच्यासारख्यांना कायमचं एक कार्ड मिळतं, पण त्याला जुना पासपोर्ट परत केल्याचा कागद लागतो. तो मी इतका जपून ठेवला होता की अजून सापडलेला नाही. तेव्हा वर्षभराचा व्हिसा, आणि पोलिसांकडे परदेशी नागरिक म्हणून नोंद.

दादा फुलंब्रीच्या तहसीलमध्ये अव्वल कारकून होता. उभा जन्म त्यानं लोकांचे अर्ज तपासण्यात घालवला. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नव्हतं, तेवढ्यात मी येऊन पडले. नोंदणीच्या दिवशी तो माझ्याआधी इस्त्रीचा शर्ट घालून तयार. माझ्या कागदांची त्यानं एक फाईल केली, तिला लाल फीत बांधली आणि वर माझ्या नावाखाली लिहिलं, ‘प्रलंबित’.

तेव्हापासून त्याच्या दृष्टीनं मी बहीण कमी आणि जबाबदारी जास्त. थंडीत फुलंब्रीच्या शेतावर हुरड्याला जायचं ठरलं. रात्री तिथंच मुक्काम होता. परदेशी व्यक्तीनं पत्ता सोडून रात्रभर बाहेर राहिलं तर कळवावं लागतं का, हे विचारायला दादानं नोंदणीच्या कचेरीत फोन लावला. एका रात्रीसाठी काही गरज नाही, असं तिथून सांगितलं. दादाचा विश्वास बसला नाही. मग मी आगटीपाशी बसून, मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत पासपोर्ट ठेवून हुरडा खाल्ला. ज्या शेतात मी लहानपणी चड्डीवर हिंडले, तिथं मी कागदपत्रांसह हजर होते.

मला राग यायला हवा होता, पण तोंड नव्हतं. तीस वर्षं दर रविवारच्या फोनवर मी याच दादाला ऐकवत आले होते, की आमच्याकडे नियम म्हणजे नियम, तुमच्याकडे कुणाला कशाचं काही नाही. ‘आमच्याकडे’ म्हणजे जर्मनी. आणि आल्यावरही माझी खोड गेली नव्हती. वहिनीच्या स्वयंपाकघरात मी कचऱ्याचे तीन डबे मांडले. वहिनी बिचारी कांद्याची साल हातात धरून मला हाक मारायची, कुठल्यात टाकू म्हणून. सकाळी घंटागाडी यायची आणि दादा तिन्ही डबे एकाच ढिगावर पालथे करून यायचा. रविवारी दुपारी शेजारच्या काकू खलबत्त्यात कूट करायला बसल्या, तर मी जाऊन रविवारच्या शांततेवर दोन शब्द बोलले. काकू लासूर स्टेशनच्या, जुन्या वळणाच्या. माझं डोकं दुखत असणार असं समजून त्यांनी सुंठेचा काढा पाठवला. तो प्यायला लावून मायेनं विचारलं, “अजून कितीक दिवस हायेत ताई तुम्ही?”

माहेरी आलेल्या बाईला हा प्रश्न विचारायची रीत आहे. त्यात वाईट काही नसतं. गल्लीतल्या प्रत्येकीनं मला तो विचारला, भाजीवाल्यानं विचारला, देवळातल्या गुरवानं विचारला. पहिले दोन-तीन महिने मी हसून बघू म्हणायचे. पण वर्ष सरत आलं तशी मला त्या प्रश्नाची धास्ती वाटू लागली, कारण मला परत जायचंच नव्हतं. मला याच घरात, वरच्या खोलीत, म्हातारं व्हायचं होतं. आणि तसं म्हणायचा मला काही हक्क नव्हता. वडील गेल्यावर घर आणि शेत दादाच्या नावावर करून देताना मी हक्कसोडपत्रावर सही केली होती. सगळ्याच बहिणी करतात, मलाही तेव्हा काही वाटलं नव्हतं. उलट जर्मनीत बसून फुलंब्रीचं शेत घेऊन मी काय करणार, म्हणून दोन विनोदही केले होते.

दादा मात्र रोज सकाळी चहाच्या वेळी फाईल उघडायचा आणि विचारायचा, “मुदत कधी सरतीय गं?” त्याला तारीख पाठ होती. तरी विचारायचा. मला वाटायचं, झालं, हा दिवस मोजतोय. घरात पाहुणी किती दिवस ठेवायची यालाही काही मर्यादा असते, आणि माझे तीन डबे धरले तर ती कधीच ओलांडून गेली होती. पण ‘दादा, मी राहू का?’ हे चार शब्द काही माझ्या तोंडून निघेनात. जर्मन कचेरीत मी परक्या भाषेत वाद घालून मुदत वाढवून घेतली होती. सख्ख्या भावापुढे मराठीत वाचा बसली.

अशा वेळी शहाणा माणूस वहिनीशी बोलतो. मी एजंटाकडे गेले. अशी कामं करून देणारा एक जण कचेरीसमोर टपरीत बसतो. त्यानं सांगितलं, मुदत वाढवायला राहत्या जागेचा पुरावा लागतो, आणि विचारलं, घर तुमच्या नावावर आहे का? नाही. मग सोपं काम आहे मॅडम, म्हणाला, भावाकडून भाडेकरार करून घ्या, अकरा महिन्यांचा, टेन्शनच नको. मला ते एकदम पटलं. विचारायचं नाही, लाजायचं नाही, सगळं कसं कागदावर स्वच्छ. शिवाय दादावर भार नको. मी स्टँपपेपरवर करार टाईप करून घेतला. दादा घरमालक, मी भाडेकरू, भाडं दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत. रात्री जेवणं झाल्यावर मी तो त्याच्यापुढे ठेवला. सही कुठं करायची तिथं पिवळ्या चिठ्ठ्यासुद्धा लावल्या होत्या. आपण किती व्यवस्थित आहोत, याचं मला त्या वेळी कौतुक वाटत होतं.

दादानं चष्मा लावला आणि करार पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मग घडी घातली, फाईलमध्ये ठेवला, फीत बांधली आणि उठून झोपायला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं फाईल उघडली नाही आणि मुदतीचंही विचारलं नाही. वहिनीनं माझ्या ताटात भाकरी वाढली ती न बोलता. असे पुष्कळ दिवस गेले. मी एकदा पेन नेऊन दिलं, तर बघू म्हणाला. आता मला खात्रीच पटली. ह्यांना मी नको आहे आणि भिडेपोटी सांगता येत नाही. मी वरच्या खोलीत जाऊन बॅग काढली, तिच्यावरची धूळ पुसली, आणि मुलाला फोन करायचा म्हणून बराच वेळ फोन हातात घेऊन बसले.

बॅग बघून वहिनीच वर आली. ती दारातच उभी राहिली आणि म्हणाली, “ताई, तुम्ही काय आम्हाला जड झाल्या व्हय? सख्ख्या नणंदेला भाड्यानं ठिवलं म्हणून उद्या गल्ली माझ्या नावानं बोंब मारल. ते दोन दिस नीट जेवले नाहीत. भाऊबीजेला ओवाळायचं आन् पाच तारखेला भाडं द्यायचं, आसं कुठं आसतंय का?” मी काहीतरी बोलायला गेले, की तो फक्त कागद आहे, कचेरीसाठी. ती म्हणाली, कागद असू द्या नाहीतर काही, आणि बॅग उचलून पलंगाखाली सारून दिली.

मला इतकी लाज वाटली की काय सांगू. तीस वर्षं परक्यांच्या दारात राहून मी एवढं शिकले होते, की राहायचं असेल तर कुठलं कलम लागतं. कुणाच्या घरी कलमाशिवायही राहता येतं, हे माझ्या डोक्यातून पार गेलं होतं.

मुदत संपायच्या दिवशी सकाळी दादा पुन्हा इस्त्रीच्या शर्टात तयार झाला. करार त्यानं घेतला नव्हता. त्यानं आपल्या वळणदार अक्षरात एक अर्ज लिहिला होता, की ही माझी सख्खी बहीण, माझ्या घरी राहते. बाकी काही नाही. कचेरीत खिडकीमागे एक तरुण पोलिसबाई होती. तिनं अर्ज वाचला, संगणकावर माझी माहिती भरली आणि विचारलं, “काका, कधी जाणार हे टाकावं लागतंय. कुठली तारीख टाकू?”

दादानं चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. त्या बाईनं समजुतीच्या सुरात सांगितलं, की तो रकाना भरल्याशिवाय पुढचं पानच उघडत नाही. आता मला दादाचा स्वभाव ठाऊक आहे. एक रकाना रिकामा राहिला म्हणून यानं भल्याभल्यांना खिडकीवरून परत पाठवलं होतं, त्यात आमच्या मामांचाही नंबर लागला होता. तो काहीतरी तारीख सांगणार, आणि त्या तारखेवरून मला कळणार, असं मला वाटलं. मी खाली फरशीकडे बघत उभी राहिले.

“ते मी नाय सांगणार,” दादा म्हणाला. “आईबाप नाहीत हिला. मीच जायाची तारीख लिहून दिली, तर ही जायाची कुठं? तुम्हाला टाकायची ती टाका तुमच्या हातानं.”

ती पोलिसबाई त्याच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. नियमात जेवढी मुदत बसते तेवढी, म्हणजे पूर्ण वर्षाची, तिनं टाकली आणि मला सही करायला सांगितलं. तिनं खूण केलेल्या जागेच्या खाली मी सही केली. ती तिनं खोडून पुन्हा करून घेतली.

येताना मी स्कूटरवर दादाच्या मागे बसले होते. डोक्यावर हेल्मेट, कारण मागे बसणाऱ्यानंही ते घालावं असा नियम आहे आणि तो पाळणारी गावात मी एकटीच असावे. दादा बैलगाडीच्या चालीनं चालवतो. मागून येणारे रिक्षावाले आम्हाला ओलांडून जाताना काय काय बोलत होते. सिग्नलला थांबल्यावर त्यानं मान जराशी वळवली आणि म्हणाला, “पुढच्या साली म्हैनाभर आधीच यायचं बग. शेवटच्या दिवशी लई जीव टांगणीला लागतो.”

मी हो म्हणाले. सिग्नल सुटला. मग तो वाऱ्यावर ओरडून सांगू लागला, की वरची खोली उन्हाळ्यात तापते, यंदा तिला कूलर बसवून घेऊ, आणि जिना चढायला पुढं त्रास होईल तर खालची मधली खोली रिकामी करता येईल, त्यात काय. हेल्मेटच्या काचेआड मी रडत होते, आणि ते त्याला कळू नये म्हणून प्रत्येक वाक्याला मोठ्यानं ‘हो, हो’ म्हणत होते.