पोताऱ्याआड गेलेलं औषध

"जो आजारीच नाही त्याच्यासाठी एवढी वणवण कशाला?" निघायच्या सकाळी दशम्या बांधता बांधता आईने विचारलं. तिचंही खरं होतं. उतरलेला ताप दाखवता येतो. न आलेला ताप कुणाला कसा दाखवायचा?

मी हिंगणघाटच्या गिरणी कामगाराची मुलगी, घरातली पहिली बी.ए. मी मास्तरीण होणार असं आमच्या चाळीच्या ओळीत सगळ्यांनी धरलं होतं. मी वर्ध्याला हिवताप मोहिमेच्या कचेरीत लागले. गावोगावच्या घरांत डी.डी.टी. फवारायची, डास भिंतीवर बसला की मरतो, आणि मग ताप येतो की थांबतो याची नोंद ठेवायची, हे ते काम. नोंद माझ्याकडे, आणि तिची एक प्रत नियमाने थेट नागपूरच्या मोठ्या कचेरीला.

कारंज्याच्या पुढे डोंगराच्या कुशीत गोंडांची एक वस्ती आहे. दसऱ्याच्या आठ दिवस आधी तिथे घरोघर फवारा झाल्याचं कागदावर होतं. तरी दिवाळी सरली आणि मुलं तापाने फणफणू लागली. आमच्या डॉक्टरसाहेबांनी निकाल लावून टाकला होता. "डोमाजीने फवारा मारलाच नाही. पावडर कुठेतरी खपवली. तुम्ही पाहून या, सोमवारी अहवाल द्या, म्हणजे मला त्याला काढता येईल."

डोमाजी आमचा फवारणीवाला. पंप पाठीवर घेऊन दोन वर्षं जिल्हाभर हिंडलेला माणूस. "बाई, मीबी येतो संगं," तो म्हणाला, "माह्या मागं कोणी काई लिहू नये."

वर्ध्याहून आर्वीची पहिली मोटार पकडा. दुसरीत उभं राहायलाही जागा नसते. तिकीट बारा आण्यांच्या आत आहे, पण कंडक्टरला सुटे द्या, नाहीतर उतरेपर्यंत त्याची बोलणी खावी लागतात. आंजीला मोटार थांबली तेव्हा वांग्यांच्या टोपल्या घेऊन चार बायका चढल्या आणि एक टोपली थेट माझ्या मांडीवर आली.

"धर वं बाई घडीभर. शिकेल दिसतं, पाडणार नाईस."

आर्वीपर्यंत मी ती टोपली धरून बसले. उतरताना तिने दोन वांगी माझ्या पिशवीत टाकली.

आर्वीहून दुसरी मोटार कारंज्याला जाते. तिथे नागपूर-अमरावती रस्त्यावर ट्रकवाल्यांच्या गर्दीत कांद्याची भजी अप्रतिम मिळतात. पाणी मात्र आपलं जवळ ठेवा. पुढे मोटार नाही. बंडी ठरवावी लागते, आणि संत्र्याच्या बागा संपल्या की रस्ताही संपतो. बैल आपल्या मनाने चालतात. नाल्याशी डोमाजी म्हणाला, "इथं पंप डोक्यावर घेऊन गेलतो मी. छातीएवढं पाणी होतं."

मुक्काम शाळेच्या खोलीत होता. सकाळी कामाला लागलो. आधी मुलांची पोटं चाचपली. बरगडीखाली बऱ्याच जणांची प्लीहा हाताला लागली. वारंवारच्या हिवतापाने ती सुजते; गावात तिला पानथरी म्हणतात. मग घरं पाहायला सुरुवात केली.

पहिल्याच घरात माझं मन खचलं. फवाऱ्याचे करडे-पांढरे ठिपके महिनोन्‌महिने भिंतीवर टिकतात. इथली भिंत स्वच्छ पांढरी होती. दुसऱ्या घरात तेच, तिसऱ्यात तेच. मी कचेरीच्या छापील नमुन्यातला प्रश्न विचारत होते: "भिंतींचं प्रक्षालन अथवा रंगलेपन झालं आहे काय?" लोक गोंधळलेले पाहून मी सोपं केलं, "भिंत धुतली का? रंगवली का?"

"नाई बाई. धुतली नाई, रंगवली नाई."

प्रत्येक घरी मी "नाही" लिहीत गेले. डोमाजी दाराबाहेर उभा राहून ऐकत होता. सहाव्या घराशी तो म्हणाला, "लिहा बाई. तुमच्या हाती पेन हाय."

सातवं घर सीताबाई मडावींचं. पन्नाशीची बाई, आवाज खणखणीत. मी तिथेही "नाही" लिहिलं आणि हात धुवायला मागच्या गोठ्याकडे गेले. गोठ्याच्या भिंतीवर ठिपके होते. वाशांपर्यंत, अगदी एकसारखे. मी ओरडूनच डोमाजीला बोलावलं.

"सीताबाई, गोठ्यात औषध आहे, मग घरात का नाही?"

"गोठा कोन पोतारते, बाई?" त्या म्हणाल्या.

पोतारणं म्हणजे पांढरी माती कालवून भिंतीवर तिचा हात फिरवणं. हा शब्द मला परका नव्हता. आमच्या घरी आईही भिंत पोतारते. सीताबाईंनी घरात येऊन विळ्याच्या टोकाने तिथली भिंत जराशी खरवडली. पांढऱ्या थराखाली जुनी शेणामातीची भिंत, आणि तिच्यावर डोमाजीचे ठिपके. डोमाजी तिथेच उंबऱ्यावर बसला आणि त्याने उपरण्याने तोंड पुसलं.

"मग मघाशी नाही कशाला म्हणालात?"

"तू धुतलं का म्हणे. रंगवलं का म्हणे. धुतलं तं भिंत पडन, अन् रंग श्रीमंताघरी. पोतारलं का, असं काऊन नाई इचारलं?"

अंगणात जमलेल्या बायका खो-खो हसल्या. एक म्हणाली, "बाईचं बी.ए. पोताऱ्यात गेलं!"

त्यांना ठाऊक नव्हतं, की तो नमुना इंग्रजीतून मराठीत मीच आणला होता. प्रक्षालन, रंगलेपन. लिहिताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

"पण भिंतीला हात लावू नका असं सांगितलं होतं ना?" मी डोमाजीकडे वळले.

"सांगतलं, बाई. पाटलाच्या ओट्यावर, साऱ्या मानसाईले बसवून."

"पाटील पोतारते काय?" सीताबाई म्हणाल्या. "पोताऱ्याचं बायाईले सांगा लागते. पोळ्याले पोतारतो, दसऱ्याले पोतारतो. तुमचे ठिपके पाहून मले वाटलं, भिंतीले देवी आल्या! सणाले अशी भिंत ठेवू काय? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येजो, हात लावू देणार नाई कोनाले."

मी पुन्हा पहिल्या घरापासून निघाले. या वेळी सीताबाई सोबत होत्या आणि मी चुलीपाशी बसून बायकांनाच विचारत होते. प्रत्येक घरातलं "नाही" खोडून "होय" लिहिलं. प्रत्येक घराची भिंत एका कोपऱ्यात खरवडून पाहिली. ठिपके सगळीकडे होते. दुपारी सीताबाईंकडे ज्वारीची भाकर, तुरीचं वरण आणि माझ्या पिशवीतल्या दोन वांग्यांचं भरीत झालं. त्या भागात गेलात तर ठेचा जपून घ्या.

परतताना कारंज्याला भज्यांचे पैसे डोमाजीने मला देऊ दिले नाहीत. "आता कागदावर काय लिहिसान?" त्याने विचारलं. मी म्हटलं, जे भिंतीत आहे ते.

पण घरी येऊन लिहायला बसले तेव्हा कळलं, की हे दोन तऱ्हांनी लिहिता येतं. "ग्रामस्थांनी अज्ञानाने औषध झाकले." एवढ्या वाक्याने डोमाजी सुटत होता, साहेबांची योजना निर्दोष राहत होती आणि माझी नवी नोकरीही टिकत होती. फक्त ते खरं नव्हतं. त्या बायका अज्ञानी नव्हत्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं तेव्हा मी असं विचारलं की खरं उत्तर "नाही" हेच यावं. दुसऱ्या वस्त्यांतही माझा तोच नमुना फिरतो आहे. तिथेही पोळा आहे, दसरा आहे. तिथल्या मुलांच्या पोटांवर अजून कुणी हात ठेवलेला नाही.

सोमवारी साहेबांनी अहवाल वाचला. पहिलं पान वाचून त्यांनी डोमाजीला काढण्याचा कागद चुरगाळला. वस्तीत याच आठवड्यात पुन्हा फवारा मारायला होकार दिला. शेवटच्या पानावर ते थांबले. तिथे मी लिहिलं होतं, की नमुन्यातला प्रश्न चुकीचा आहे, तो माझा आहे, तो "घर कधी पोतारता?" असा करावा आणि बायकांनाच विचारावा, आणि जिल्हाभर फवाऱ्याच्या तारखा पोताऱ्यानंतर लावाव्यात. खाली माझी सही.

"तारखा नागपूरहून ठरतात," साहेब म्हणाले. "आणि यात तुमची चूक तुमच्याच हाताने कागदावर येते. शेवटचं पान काढून टाका, मी सही करतो."

"साहेब," मी म्हटलं, "नियमाप्रमाणे नागपूरची प्रत सकाळच्या टपालाने गेली. सगळ्या पानांसकट."