बाजेवरचा निवडुंग

ज्या सरांमुळे मी बी.एस्सी. झाले, त्यांचा निवडुंग आमच्या घरी आल्यावर पाच महिन्यांत बुंध्यापासून सडला. हे आधीच सांगून टाकते, कारण ते सांगायला मी तेव्हा फार उशीर केला होता.

सर मानोऱ्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. आमचं गाव तिथून चौदा किलोमीटर आत. कॉलेज अडीचला सुटायचं आणि गावाकडची बस साडेपाचला. मधले तीन तास स्टँडवर काढणं बाबांना पटणारं नव्हतं आणि मलाही नको होतं. सरांचं घर स्टँडच्या मागच्या गल्लीत होतं. पहिल्याच वर्षी त्यांनी सांगितलं, की अंगणात चटई टाकलेली असते, काकू घरीच असतात, बस येईपर्यंत तिथे बसून वाचत जा. तीन वर्षं मी तिथे वाचलं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. पदवीच्या कागदावर नाव माझं असलं, तरी त्यात ते अंगण आहे आणि काकूंचा चार वाजताचा चहाही आहे.

त्या अंगणाच्या कोपऱ्यात निवडुंग होता. आपल्याकडे बांधावर असतो तो चपट्या फड्यांचा नव्हे. हा एकच सरळ खांब, दोन पुरुष उंच, निळसर हिरवा, अंगावर उभ्या सात धारा आणि धारांवर काट्यांचे झुबके. सरांनी तो वीतभर तुकड्यापासून वाढवला होता, नोकरी लागली त्या वर्षापासून. माझ्या प्रॅक्टिकलच्या वहीत त्याचं चित्र आहे. धारा मोजताना बोटात गेलेला काटा काकूंनी सुईनं काढला होता.

सर निवृत्त झाले आणि मुलाकडे पुण्याला चौथ्या मजल्यावर राहायला जायचं ठरलं. मी तेव्हा वाशीमला एका शाळेत विज्ञान शिकवू लागले होते. आठवडाभर तिथल्या खोलीवर राहायचं, शनिवारी दुपारच्या बसनं घर गाठायचं. सरांचा फोन आला. घर विकत नाही, पण भाडेकरूंना लहान मुलं आहेत, त्यांना काटे नकोत, असं म्हणाले. मग विचारलं, "तुमच्याकडे जागा आहे. नेशील का?" इतक्या वर्षांत त्यांनी मला मागितलेली ती पहिली गोष्ट होती.

वैशाखात आम्ही तो आणला. बाबा, शेजारचे काका आणि मी पिकअप घेऊन गेलो. खांबाभोवती जुन्या गोधड्या आणि पोती गुंडाळून वर दोर आवळला आणि पाच माणसांनी तो आडवा केला. तो आडवा होताना सर घरात गेले होते. गाडी निघताना बाहेर येऊन त्यांनी माझ्या हातात एक कागद दिला. मुरमात लावा. उन्हाळ्यात वीस दिवसांनी एकदा पाणी. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात अजिबात नाही. खाली त्यांची सही होती, जशी ते आमच्या वह्यांवर करत.

घरी पोचलो तर बाबांनी खड्डा आधीच भरून ठेवलेला. खाली कुजलेलं शेणखत, वर शेतातली काळी माती. मी मुरमाचं बोलले तेव्हा त्यांना ते लागलंच. म्हणाले, सरांच्या झाडाला मुरूम घालू? मुरूम रस्त्याला घालतात. माणूस आपल्या पोरीला शिकवतो आणि आपण त्याच्या झाडाला दगडगोटे द्यायचे? बाबांनी शेतातली चांगली माती तीन पाट्या डोक्यावर वाहून आणली होती. शाळेत मुलांना मी काळी माती पाणी धरून ठेवते हे फळ्यावर आकृती काढून शिकवते. बाबांपुढे ते तोंडातून निघालं नाही.

गावात तो पाहायला माणसं येत. काट्याचं झाड दारात नको, घरात भांडणं लागतात, असं दोन-तीन बायकांनी आईला सांगितलं. शेजारचे काका रोज बाबांना चिडवत, "खांब तं रोवला भाऊ, आता तारा कवा वढून राह्यले?" बाबा हसत आणि उत्तर देत, की लाईन सरांकडून येणार आहे.

आईला मी एवढंच सांगितलं होतं, की त्याला पाणी टाकू नकोस. ती हो म्हणाली होती.

सर दर पंधरा दिवसांनी फोन करत. तब्येत, शाळा, पाऊस झाला, की मग झाडाचं विचारत. मी छान आहे म्हणायचे. पोळ्यापर्यंत ते खरंही होतं, निदान मला तसं वाटत होतं. पोळ्यानंतरच्या एका शनिवारी घरी आले तर खांब किंचित तुळशीकडे कललेला दिसला. बुंध्याचा रंग पिवळा-तपकिरी झाला होता. बोटानं दाबलं तर पिकून उतरलेल्या पपईसारखं आत गेलं आणि आंबूस वास आला. त्या रात्री सरांचा फोन आला आणि मी पुन्हा छान आहे म्हणाले. त्यानंतर आणखी एकदा म्हणाले.

बाबांनी त्यांच्या परीनं उपाय केला. आमची संत्र्याची थोडी झाडं आहेत. खोडातून डिंक गळू लागला की बाबा खुरप्यानं साल खरवडतात आणि चुना-मोरचुदाचा लेप लावतात. तसाच त्यांनी निवडुंगाचा बुंधा खरवडला आणि निळा लेप थापला, आणि वर ओल टिकावी म्हणून शेणमातीनं लिंपून टाकला. पुढच्या शनिवारी लेपाच्या वर हातभर भाग मऊ झाला होता. संत्र्याला साल असते आणि आत लाकूड. याच्या आत सगळं पाणीच.

एरवी रविवारी मी उठेपर्यंत आईची पूजा झालेली असे; त्या रविवारी मी लवकर आंघोळ करून ओट्यावर आले. आई तुळशीला पाणी घालत होती. तुळशीला घातलं आणि उरलेला तांब्या घेऊन ती निवडुंगाकडे गेली. बुंध्याशी एक गुळगुळीत दगड ठेवला होता, त्याला हळदीकुंकू होतं. तिनं सगळा तांब्या तिथे ओतला आणि हात जोडले. मी विचारलं, रोज घालतेस? तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. ती मला समजावून सांगू लागली, की मानोऱ्याला सरांच्या नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, हे काकूंनीच तिला सांगितलं होतं. तिथे त्या झाडाला वीस दिवसांनी पाणी मिळायचं ते टंचाईमुळे.

"आपल्या घरी तं हीर हाये ना बाई," ती म्हणाली. "इथं आणून बी त्याले तहानलेलंच ठेवू का?"

मी तिथेच ओट्यावर बसले. मला राग आला नाही. पाच महिने ती उठून, आंघोळ करून, पहिलं पाणी माझ्या गुरूच्या झाडाला देत होती.

आता सरांना सांगण्यावाचून मार्ग नव्हता. कापायचं तर कुठून, किती, हे मला पुस्तकातून माहीत होतं. हातानं मी कधी केलेलं नव्हतं, आणि तो एकच खांब होता. चुकलं असतं तर काहीच उरलं नसतं. मी फोन लावला आणि सगळं सांगितलं, काळी माती, लेप, रोजचं पाणी, आणि मी दोनदा खोटं बोलले तेही. सरांनी विचारलं, पाणी कोणी घातलं? आई चुलीपाशी होती, तिला ऐकू येत होतं. मी म्हटलं, मी.

"कापा," सर म्हणाले. "गाभा पांढरा दिसेपर्यंत कापत जा. मधे थांबायचं नाही, कितीही उंची गेली तरी."

फोन ठेवल्यावर आई दारात येऊन उभी राहिली. ती रडत नव्हती.

"पानी टाकू नको म्हनली होती तू. काहून नोको, ते मले काहून नाही सांगतलं?"

त्याच दुपारी शेजारचे काका आणि त्यांचे दोन भाऊ आले. खांबाला तीन ठिकाणी पोती बांधून दोरांनी धरला. बाबांनी संत्र्याची करवत घेतली. पहिला काप बुंध्यापासून हातभर वर घेतला, खांब अलगद ओट्यावर टेकवला. गाभा चॉकलेटी होता. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. वीतभर चकती कापली, गाभा तपकिरी. पुन्हा एक, तिच्यात मधोमध नारिंगी ठिपका. "चालते का एवढं?" बाबांनी विचारलं. एवढासा ठिपका होता. चालेल म्हणावं असं फार वाटलं. मी नाही म्हटलं. चौथ्या कापाला गाभा कोवळ्या भोपळ्यासारखा पांढरा स्वच्छ निघाला. काका एरवी गप्प बसणारे नव्हेत, पण त्या दिवशी तारांचं कुणी बोललं नाही. दोन पुरुषांचा दीड पुरुष राहिला.

जखम वाळल्याशिवाय तो लावता येणार नव्हता. गोठ्याशेजारच्या पडवीत बाज होती. तिच्यावर सोयाबीनच्या कुटाराची, म्हणजे भुश्याची, पोती अंथरली आणि वर खांब ठेवला. बाजेच्या लांबीबाहेर शेंडा येत होता, त्याखाली स्टूल दिलं. एका अंगावर पडून राहिला तर वाकतो, म्हणून रोज थोडा फिरवायचा होता. मी वाशीमला. ते काम आईनं घेतलं. हाताला पोतं गुंडाळून ती रोज सकाळी त्याला एका धारेनं फिरवायची, सात दिवसांत सात धारा. शनिवारी मी पोचले की ती आधी कापलेली बाजू दाखवायची. हळूहळू ती आक्रसून आत गेली आणि जुन्या चपलेच्या तळासारखी टणक झाली.

आईला सगळ्यात अवघड गेलं ते पाणी न घालणं. तुळशीला पाणी घालून झालं की तिचे पाय सवयीनं तिकडे वळत. एका रविवारी मी पाहिलं, ती रिकामा तांब्या पोटाशी धरून बाजेपाशी उभी होती. मला पाहून म्हणाली, "काही नाही, पाह्यत होती."

दिवाळीनंतर तो लावला. या वेळी बाबा खाणीवरून मुरूम घेऊन आले, मी काही न सांगता. तिन्ही बाजूंनी लाकडी बल्ल्यांचा आधार दिला. थंडी पडली. मुळं फुटलीत की नाही ते वरून कळत नाही, उकरून पाहायचं नाही आणि पाणीही द्यायचं नाही. त्या तीन महिन्यांत सरांनी फोन केले, पण झाडाचं विचारलं नाही. ते विचारत नाहीत, हे मला विचारण्याहून जड जात होतं.

होळीच्या आधीच्या शनिवारी बाबांनी बल्ल्या सोडल्या. पोतं धरून दोन्ही हातांनी खांब हलवून पाहिला. हलला नाही. त्यांनी जोर लावला, तरी हलला नाही. बाबांनी पोतं झटकलं, घडी केली आणि आईला हाक मारली.

मी सरांना फोन लावला. मुळं धरली, एवढंच म्हटलं होतं. तेवढ्यात आईनं हात पुढे केला आणि फोन घेतला. सरांशी ती आयुष्यात दोनदा बोलली असेल, तेही पदर सावरत, हो-नाही इतकंच.

"सर, पानी म्या टाकलं होतं," ती म्हणाली. "रोज टाकलं. पोरगी खोटं बोलली तुमच्याशी. तुमी तिले काही बोलू नका."

सर काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. पण ते बराच वेळ बोलत होते. आई फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून अंगणात उभी होती आणि मधूनमधून हो, हो सर, असं म्हणत होती. वर्गात आम्ही जसं ऐकायचो तसं ती ऐकत होती. ते पाणी अंगातच साठवून ठेवतं, मुळांना श्वास लागतो, भरलेल्या रांजणात आणखी ओतलं की काय होतं, असं सगळं ते सांगत असावेत, कारण संध्याकाळी हेच तिनं बाबांना भाकऱ्या थापता थापता जसंच्या तसं सांगितलं. शेवटी तिनं त्यांना एक प्रश्न विचारला. तीन वर्षं त्या झाडाखाली वाचूनही तो मला सुचला नव्हता.

"मंग सर, त्याले तहान लागली हे मले कसं समजन?"

सरांनी सांगितलं, की दोन धारांमधली पन्हळ खोल गेली, बोट आत बसू लागलं, की समजायचं.

आता ती रोज सकाळी निवडुंगापाशी जाते. काटे चुकवून दोन धारांच्या मधे करंगळी ठेवते, डोळे मिटल्यासारखे करून क्षणभर थांबते. मग परत येऊन, मी घरी असले तर मला, नाहीतर बाबांना सांगते, की अजून नाही.