तहानलेलं बी

ठकूमावशी कुठलीही गोष्ट आधी जिभेवर ठेवून बघायची. माती, विहिरीचं पाणी, खताचा दाणासुद्धा. तळेघरला मी पहिल्यांदा तिच्या ओट्यावर टेकलो, तेव्हा तिने माझ्या पिशवीतली खताची पुडी फोडली, बोट बुडवून चाटलं आणि थुंकून म्हणाली, "ह्याला चवच न्हाई. भाताला काय आवडनार?" मी आपला "अहो मावशी, अहो मावशी" करत राहिलो.

तेव्हा मी एका संस्थेत नोकरीला होतो. घोडेगावहून एसटीने वर जायचं, भातशेतीचं काहीतरी नवं शिकवायचं आणि परत यायचं. खिशात कृषी पदविका होती, डोक्यात भरपूर हवा. मावशी साठीची, सडपातळ, बोलायला फटकळ. तिच्याकडे रायभोग या गावठी भाताचं जुनं बी होतं. आसपास सगळ्यांनी दुकानातलं बियाणं धरलं, हिने ते सोडलं नाही. "माज्याकडचं संपलं तर ह्या आळीतनं रायभोग गेला म्हून समजा," असं ती सारखी म्हणायची.

त्या वर्षी पेरणीआधी मी तिला मिठाच्या पाण्याची रीत दाखवली. बादलीत मीठ विरघळवायचं, त्यात बी ओतायचं. पोकळ दाणे तरंगतात, ते काढून टाकायचे. बुडालेलं बी चांगलं. मावशी खूश झाली. तेवढ्यात खाली एसटीचा हॉर्न वाजला. ती गेली की पुढची गाडी कधी, हे देवालाच ठाऊक! मी धावत सुटलो. 'नंतर बी गोड्या पाण्यात दोनदा धुवा' हे सांगायचं राहूनच गेलं.

मावशीने तिच्या हिशेबाने बरोबरच केलं. मोड आणायला बी भिजवावं लागतंच. उन्हाळ्यात जवळचं पाणी आटलेलं, विहीर लांब, हंडे डोक्यावरून आणायचे. मग बादलीभर पाणी फेकायचं कशाला? तिने सगळं बी त्याच खाऱ्या पाण्यात दोन दिवस ठेवलं आणि मग गोणपाटात बांधलं. शेजाऱ्यांच्या बियाला मोड आले. हिच्या एका दाण्यालाही नाही.

निरोप आला तसा मी पोचलो. मावशीने गोणपाट उघडून एक दाणा दाताखाली धरला, दुसरा मला दिला. दाणा खारट होता आणि करकरत होता.

"दोन दिस पान्यात व्हतं, भाऊ. तरी आत वलावा न्हाई. आसं कसं?"

परासरण! परीक्षेत मी त्यावर पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. मी सुरू झालो, "मावशी, बियात बारीक बारीक पेशी असतात. त्यांना पातळ पडदा असतो. पाणी त्यातून आतबाहेर करतं. पण बाहेर मीठ जास्त असलं, की पाणी मिठाकडे ओढलं जातं."

"म्हंजी पडद्यानं पानी आडवलं?"

"नाही, पडदा पाण्याला सोडतो."

"मग मिठानं आडवलं?"

"अडवलं असं नाही... ओढून धरलं."

"पडदा सोडतोय, मीठ धरतंय. मग पानी ऐकतंय कुनाचं?"

मी हवेत बोटाने पेशी काढली, बाण काढले, खोडले. आत जाणारा बाण कुठला आणि बाहेर येणारा कुठला, माझं मलाच कळेना. मावशी माझ्या बोटाकडे बघत होती, मग एकदम म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे. बी मेलंय का तहानलंय, येवडंच सांग."

"मला माहीत नाही, मावशी."

तिने गोणपाटाकडे बघितलं. "मग तहानलंय आसंच धरू. मेलेल्याला पानी पाजून उपेग न्हाई."

दिवसभर आम्ही विहिरीवरून पाणी वाहिलं. माझ्या हंड्यातलं निम्मं वाटेतच सांडत होतं, आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू होता: "कालेजात हंडा शिकवीत न्हाईत वाटतं!" बी धुवायचं, पाणी ओतून द्यायचं, दाणा चाखायचा, पुन्हा धुवायचं. खारटपणा पार गेल्यावर तिने बी पुन्हा गोणपाटात बांधलं. तीन दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

चौथ्या दिवशी वर गेलो, तर मावशीने गोणपाट माझ्यासमोरच सोडलं. पांढरे, इवलेसे मोड! पण अर्ध्याच बियाला. बाकीचं तसंच पडलेलं. काय मेलं, काय वाचलं आणि का, मला आजही सांगता येत नाही. "माझ्यामुळे झालं, मावशी," मी म्हणालो.

"गप," ती म्हणाली. "तू सांगायचा ऱ्हायलास, मी इचारायची ऱ्हायले. वाचलं ते बियाचं. गेलं ते तुजं नि माजं. निम्मं निम्मं वाटून घेऊ."

त्या साली तिने रायभोगाचा एक दाणाही शिजवला नाही, सगळा बियाला ठेवला. पुढच्या साली तो पुन्हा पहिल्याइतका झाला.

गेल्या माघात मावशी गेली. मी अजून गावोगाव मिठाच्या पाण्याची रीत शिकवतो. बादली भरायच्या आधीच "बी धुवा, बी धुवा" करत सुटतो, तेव्हा लोक हसतात, "राव, आदी मीठ तरी टाकू द्या!" का धुवायचं, असं कुणी विचारलं की अजूनही माझे बाण उलटसुलट होतात. त्या गेलेल्या बियाचा तिचा वाटाही आता माझ्याकडेच आलाय.