टिबुकलीचं दुसरं नाव

समजा, तुमच्या हातात ब्रश आहे आणि समोर तळ्याकाठी लावायची सहा फुटी पाटी. पाटीवर एक लहानसा पाणपक्षी रंगवून झालाय, खाली नाव तेवढं लिहायचंय. यादीत ‘टिबुकली’ आहे. तुमची आई मात्र जन्मभर त्याला वेगळंच काही म्हणत आली. काय लिहाल?

पाट्या रंगवणारे नाना नेमके तिथेच अडून बसले.

“साहेब, ही धावदोरी.”

“यादीत नाही,” मी म्हणालो. पाणी खात्यात मी नवा इंजिनीअर, आणि यादी माझीच.

नानांची आई कपडे शिवायची. मशीन खिडकीशी, खिडकीखाली तळं. हा पक्षी बुडी मारतो, लांब कुठेतरी वर येतो, पुन्हा बुडतो. धावदोरा घालताना सुई कापडात जाते-येते, अगदी तसा. “धावदोरी गेली बघ,” आई हातातलं काम थांबवून म्हणायची, “आता कुठे निघते सांग!” बरोबर सांगितलं की नानांना मशीनचं चाक फिरवायला मिळायचं.

“पण हे तुमच्या घरातलंच नाव असेल तर?” मी म्हणालो. “आणखी एकानं तरी सांगायला हवं. आणि तुम्ही आधी सुचवायचं नाही.”

“म्हणजे परीक्षाच घ्या माझी!”

चित्र कागदावर काढून आम्ही तळ्याकाठी विचारत फिरलो. होडीवाला ‘टिबुकली’ म्हणाला, मासे पकडणारा ‘बुडी’. नानांचा चेहरा उतरत चालला. “मी गेलो की संपलंच म्हणायचं हे नाव,” ते पुटपुटले.

शेवटी उरल्या नानांच्या जुन्या शेजारीण, मावशी. आईनं शिवलेल्या कपड्यांना काजं-बटणं त्याच करायच्या. अजूनही तळ्याकाठच्या त्याच गल्लीत राहतात. नानांनी कागदावरचं चित्र पुढे धरलं.

मावशींनी चष्मा पुसला. “बदकाचं पिल्लू ना? गोड काढलंस हो.”

नानांनी कागदाची घडी केली. चहा अर्धा तसाच ठेवून आम्ही उठलो. चपला घालतोय, तोच खिडकीतून मावशींचा आवाज आला.

“अरे, गेली बघ धावदोरी! आता कुठे निघते सांग!”

नाना एका चपलेवरच खिडकीशी धावले आणि त्यांनी बोट दाखवलं. पक्षी भलतीकडेच वर आला.

“तेव्हाही चुकायचास मेल्या,” मावशी हसल्या.

आता पाटीवर टिबुकलीखाली ‘धावदोरी’ आहे. नानांनी त्याखाली टाके घातल्यासारखी तुटक रेघ ओढलीय.

नाव आईनं काढलं की तुम्ही, असं त्यांनी मावशींना दोनदा विचारलं. “कोण जाणे बाबा, दोघी म्हणायचो,” एवढंच उत्तर.

परवा पाटीचे खांब तपासायला गेलो, तर नाना पाण्याकडे बघत बसले होते.

“साहेब, पण पहिल्यांदा कोण म्हणालं असेल हो?”