मोठ्या घरचं कुत्रं

दिवसभर करता काय, असं कुणी विचारलं तर रुक्मिणीबाई सांगायची, "कुत्री हाकते." ऐकणारा हसायचा. तिला मात्र हसू येत नसे, कारण ते शब्दाशब्दानं खरं होतं.

नेकनूरच्या अलीकडं, सडकेपासून आत, तिची वस्ती. दिवाळी झाली की निम्म्याहून जास्त घरांना कुलपं लागतात आणि माणसं ऊसतोडीला जातात. रुक्मिणीबाईनंही उमेदीची वर्षं तिकडंच घालवली. मोळ्या वाहून वाहून कंबर गेली, तेव्हा तिचा मुलगा अभिमन्यू म्हणाला, "आई, तू घरी ऱ्हा. तुझं तुला भागतंय तोवर ऱ्हा." पोरगं बोलून मोकळं झालं. त्यातलं 'तोवर' मात्र तिच्या पोटात कायमचं राहिलं.

भागवायचं कशावर? तर कोंबड्यांवर. गावरान अंडी नेकनूरच्या बाजारात हातोहात जातात, आणि यात्रा जवळ आली की कोंबड्याला लोक दारात येऊन मागतात. त्यावर तिचं मीठमिरची, चहासाखर, गोळ्यांची पाकिटं सगळं चालायचं. कोंबड्या संपल्या की आपली रवानगी पुन्हा उसाच्या फडाजवळच्या खोपीत, पहाटेच्या गारठ्यात दहा माणसांच्या भाकरी थापायला, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती कोंबड्यांना अशी जपायची की लोक तिला खुडूक म्हणायचे. म्हणेनात का! अंड्यावर बसलेली कोंबडी तरी कधीमधी दाणे टिपायला उठते. रुक्मिणीबाईला तेवढीही सवड नव्हती.

शेजारी वच्छलाबाई. तिचीही माणसं तोडीवर गेलेली, तिच्याही सात-आठ कोंबड्या. दोघींच्या अंगणात नुसतं कापसाच्या वाळक्या पराट्यांचं कुंपण, आणि त्याला चहाचा कप पलीकडं देता येईल एवढं भगदाड. एक बाजाराला गेली की दुसरीनं दोन्ही अंगणं राखायची. दिवस मावळताना दोघी आपापल्या कोंबड्या खुराड्यात घालायच्या आणि मग रोज कुंपणावरून ठरलेली हाक यायची.

"रुक्मीन, माझी चितकबरी आली का गं तिकडं?"

"आलीया. बसलीया राणीवानी. न्हे येऊन."

एवढं बोलणं झाल्याशिवाय दोघींनाही रात्र झाल्यासारखी वाटायची नाही.

हाकायची ती कुत्री मोहनरावांची. मोहनराव म्हणजे गावातले मोठे बागायतदार. एकेकाळी पंचायत समितीवर होते, आणि आजही गावातलं कुठलंही काम त्यांच्या ओट्यावरून वळसा घेऊनच पुढं जातं. त्यांचा मुलगा अमरसिंह यानं कारवान जातीची एक जोडी आणली होती. लांब तंगड्या, खपाटीला गेलेलं पोट. श्रीमंताघरची असून जन्माची उपाशी दिसायची. दिवसभर मोकळी. वस्तीतल्या कुंपणांवरून ती अशी टांग टाकून यायची, जसं काही सातबारा त्यांच्याच नावावर आहे.

एका सकाळी त्यांनी रुक्मिणीबाईची तांबडी मारली. तीच सगळ्यात जास्त अंडी देणारी. मारली म्हणजे खाल्लीही नाही. मानेला धरून दोन हिसके दिले, टाकली आणि निघून गेली. रुक्मिणीबाईला राग आला तो याचाच. भुकेनं नेली असती तर तिनं समजून घेतलं असतं. हा नुसता खेळ होता.

"म्या जाते मालकाकडं," ती म्हणाली.

"काहून जातीस?" वच्छलाबाई भगदाडातून म्हणाली. "उद्या पाण्याला त्येंच्याच बोअरवर जायचं हाय. नळ येतोय का आपल्याला?"

नळ येत नव्हता. वस्तीचं पाणी मोहनरावांच्या बोअरवरून भरलं जायचं, आणि बोअरचं बटण अमरसिंहाच्या हातात. तरीही रुक्मिणीबाई गेली. मेलेली तांबडी पाटीत घातली, वरून फडकं टाकलं आणि ओट्यापुढं जाऊन उभी राहिली.

मोहनराव रागावले असते तर बरं झालं असतं. ते गोड बोलले. आधी चहा मागवला. त्यांच्या बायकोनं, केसरबाईंनी, फडक्याखाली डोकावून म्हटलं, "अगं, मग रांधून खायची की! वाया कशाला घालवतीस?" ओट्यावरची चार माणसं हसली. मग मोहनराव म्हणाले, "रुक्मिणबाई, कुत्र्याची जात. त्याला काय कळतंय कुणाची कोंबडी?"

हे वाक्य त्यांच्या तोंडून इतक्या सहज आलं. रुक्मिणीबाईनं फडकं तांबडीवर पुन्हा ओढून घेतलं.

"पर तुमचं नुकसान झालं, ते आमाला बी बरं वाटत न्हाई," मोहनराव पुढं म्हणाले आणि त्यांनी मुलाला हाक मारली. "अमर, ह्या खेपेच्या पिल्लातलं एक दे मावशीला. राखण करंल. पुन्यापर्यंत मागनी हाय या पिल्लाला."

आता आली का पंचाईत! कोंबडीची दाद मागायला गेलेल्या बाईच्या हातात कुत्रं. नको म्हणावं तर मोठ्या घरचा अपमान, आणि बोअरचं बटण डोळ्यांपुढं. अमरसिंहानं पिल्लू पाटीत, मेलेल्या कोंबडीशेजारीच ठेवलं आणि वर सांगितलं, "मावशे, बांधायचं न्हाई बरं का. बांधलं की ही जात बिघडती. म्या येऊन बघत जाईन." रुक्मिणीबाई "व्हय, व्हय" म्हणत परत आली. ओट्यावरचा एकजण मागून ओरडला, "मावशी, आता तुमी आमच्या मालकाच्या सोयऱ्या झाल्या!"

म्हणून वस्तीनं पिल्लाचं नाव पाव्हणा ठेवलं.

घरात आलंच आहे तर त्याला कामाचं तरी करावं, असं तिनं ठरवलं. तिची आई करायची ती रीत तिला आठवली. कुत्र्याचं पिल्लू लहान असतानाच कोंबडीच्या पिल्लांबरोबर एका डालग्याखाली झाकायचं. एकमेकांच्या उबेत निजली की कुत्र्याच्या नाकात तो वास बसतो, आणि जन्मभर तो त्या वासाला आपलं घर समजतो. तिनं तसंच केलं. बांबूच्या त्या मोठ्या टोपल्याखाली पाव्हणा, एक कोंबडी आणि तिची नुकती फुटलेली पिल्लं रोज एकत्र झोपू लागली. पहिल्यांदा त्यानं एका पिल्लाचा पंख चावला, तेव्हा कोंबडीनं त्याच्या नाकावर अशी चोच हाणली, की पुढचं शिक्षण आपोआप झालं.

वच्छलाबाई हे सगळं भगदाडातून बघत होती. एका संध्याकाळी पदरात दोन पिल्लं घेऊन आली.

"रुक्मीन, माझी बी ही दोन ठेव की त्येच्यासंगं. म्हंजी माझ्या कोंबड्यांचा बी वास वळखंल."

रुक्मिणीबाईनं डालग्याकडं बघितलं. जागा होती. पण तिच्या मनात आलं, कुत्र्याला भाकरी मी घालायची, ओट्यावर हसू माझं झालं, आणि राखण दोघींची व्हायची? शिवाय दोन्ही अंगणं आपली समजून तो तिकडंच जाऊन बसला म्हणजे? ती म्हणाली, "गर्दी व्हईल गं. चेंगरून मरतील."

वच्छलाबाईनं पिल्लं पदरात परत घेतली. "बरं," म्हणाली आणि गेली. भांडली नाही. भांडली असती तर रुक्मिणीबाई ती गोष्ट विसरून तरी गेली असती.

थंडी सरेस्तोवर पाव्हणा उंच झाला. आईबापासारख्याच तंगड्या, तसंच खपाटीचं पोट, भाकरी किती का घाला. राखण मात्र अशी करायचा की बघत राहावं. कोंबड्या अंगणात पांगल्या की हा कुंपणाकडेनं फिरणार. घारीची सावली पडली तरी भुंकणार. मोहनरावांच्या मळ्यातली जोडी एकदा कुंपणावरून आत डोकावली, तर हा मधोमध उभा राहिला. त्यांनी त्याला हुंगलं, त्यानं त्यांना हुंगलं, आणि नातं ओळखून ती माघारी फिरली. रुक्मिणीबाई कितीतरी दिवसांनी दारात पाय पसरून बसली. अभिमन्यूचा फोन आला तेव्हा म्हणालीसुद्धा, "माझी काळजी करू नको. माझं भागतंय."

मळ्यातल्या जोडीचा खेळ काही थांबला नाही. ती आता सरळ पलीकडच्या अंगणात उतरू लागली. वच्छलाबाईच्या कोंबड्या एकेक करून कमी झाल्या. रुक्मिणीबाई काठी घेऊन धावायची, दोघी मिळून ओरडायच्या, पण पूर्वीसारखं नव्हतं. पूर्वी दोघी एकाच संकटात होत्या.

वच्छलाबाईची लेक मनिषा बाळंतपणाला यायची होती. अंबाजोगाईच्या दवाखान्यात नाव घातलेलं. तिच्यासाठी वच्छलाबाईनं चितकबरी आणि आणखी दोन कोंबड्या राखून ठेवल्या होत्या. बाळंतिणीला गावरान कोंबडीचा रस्सा द्यायचा, कंबर भरून यावी म्हणून. "बाकीच्या गेल्या तर जाऊ दे," ती म्हणायची, "ह्या तीन माझ्या लेकीच्या."

मनिषा यायच्या आदल्या दिवशी दुपारी पलीकडं कलकलाट झाला. रुक्मिणीबाई काठी घेऊन कुंपणाशी पोचली तेव्हा मळ्यातली जोडी पलीकडं होतीच. पण त्यांच्या मधे तिसरं कुत्रं होतं, आणि चितकबरी त्याच्या तोंडात होती. मानेला धरून त्यानं दोन हिसके दिले. टाकली. मग पराट्यांवरून टांग टाकून पाव्हणा आपल्या अंगणात आला, रुक्मिणीबाईच्या कोंबड्यांना एक फेरी मारली आणि तिच्या पायाशी येऊन बसला. नाकाला पिसं चिकटली होती.

थोड्या वेळानं वच्छलाबाई पुढच्या दारानं आली. इतक्या वर्षांत ती पुढच्या दारानं कधी आली नव्हती. तिच्या हातात पाटी होती. वरून फडकं.

"तिन्ही गेल्या," ती म्हणाली. "दोन त्येंनी मारल्या. ही तुझ्या कुत्र्यानं."

रुक्मिणीबाईला खूप काही म्हणायचं होतं. माझं चुकलं, म्हणायचं होतं. ती दोन पिल्लं घ्यायला हवी होती, म्हणायचं होतं. पण तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते असं: "कुत्र्याची जात गं. त्येला काय कळतंय कुनाची कोंबडी?"

बोलल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं. वच्छलाबाईलाही ऐकू आलं असणार, कारण तिनं पाटी कमरेवर घेतली आणि म्हणाली, "आता मला चहा बी पाज. मग झालं."

ती गेल्यावर रुक्मिणीबाईला घरात बसवेना. तिनं शेळीचं जुनं दावं काढलं आणि पाव्हण्याला खांबाला बांधलं. त्यानं असा गळा काढला की अर्ध्या वस्तीला कळलं. तासाभरात मोटारसायकलवर अमरसिंह हजर.

"मावशे, बांधलं व्हय? म्या काय सांगितलं होतं?"

"त्येनं शेजारची कोंबडी मारली, दादा."

"तुमची तर न्हाई ना मारली?" तो हसून म्हणाला. त्यानं स्वतःच दावं सोडलं, पाव्हण्याला थोपटलं, आणि जाताजाता सहज म्हणाला, "मोटर जरा गरम होतीया. पाण्याचं बघू उद्या. चालू व्हईल बहुतेक."

त्याला याहून जास्त काही बोलावं लागलं नाही. रुक्मिणीबाई दावं हातात घेऊन उभी राहिली. बांधलं तर बोअर बंद, आणि मळ्यातली जोडी पुन्हा तिच्याच अंगणात. मग कोंबड्या जाणार आणि पाठोपाठ तिलाही फडावरच्या खोपीत जावं लागणार. मोकळं सोडलं तर पलीकडचं दार बंद. हाकलून द्यावं तर ते येणार परत, वासानं. तिनंच तर शिकवलं होतं. मालक होणं म्हणजे काय असतं ते तिला त्या दिवशी कळलं, आणि तिला त्याची किळस आली.

शेवटी तिनं स्वतःची सगळ्यात चांगली कोंबडी धरली. मेलेल्या तांबडीचीच लेक, आईसारखीच भरलेली. पलीकडं गेली आणि वच्छलाबाईच्या ओसरीवर सोडली. "मनिषासाठी," म्हणाली. वच्छलाबाई चुलीपुढं पाठमोरी बसली होती. तिनं मागं बघितलं नाही, पण नकोही म्हणाली नाही. रुक्मिणीबाईनं तेवढ्यावर समाधान मानलं.

दिवस मावळायला लागला. "तीऽ तीऽ तीऽ" करत तिनं कण्या टाकल्या आणि कोंबड्या खुराड्याकडं वळल्या. तेवढ्यात भगदाडातून तांबडीची लेक आत आली. कोंबडी ती, दिवे लागायच्या वेळेला आपल्याच घरी येणार. तिच्या मागोमाग पाव्हणा आला, तिला पुढं घालून, अगदी हळू, कुठं इजा होऊ नये असा. कोंबडी खुराड्यात शिरली. पाव्हणा शेपूट हलवत रुक्मिणीबाईकडं बघत राहिला. आज तिच्या सगळ्या कोंबड्या भरल्या होत्या. एकही कमी नव्हती.

ती कुंपणाकडं तोंड करून थांबली. आत्ता हाक येईल, माझी आली का गं तिकडं, म्हणून. हाक आली नाही. खुराड्याची फळी लावावी तर दिलेली वस्तू आपणच घरात घातल्यासारखं होणार होतं. तिनं कोंबडी पुन्हा काखेत धरली आणि पलीकडं गेली. दार आतून लावलेलं होतं.

"वच्छला, तुझी कोंबडी आली होती गं तिकडं. आनलीया."

आत भांड्यांचा आवाज थांबला.

"ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच," वच्छलाबाई आतून म्हणाली. "हितं काय, रातीतून तुझं कुत्रं येऊन परत न्हेईल. मनिषाला सांगितलंय मी, सासरीच बाळंत व्हय म्हून."

रुक्मिणीबाई कोंबडी काखेत धरून तशीच उभी राहिली. कोंबडी उबेला शांत झाली होती. मागं, दोन पावलांवर, पाव्हणा तिची वाट बघत बसला होता.